नव्या शाळेत जाताना : दत्तक मुलीची गोष्ट कुणी, कुणाला, किती सांगायची

जूनच्या मध्याला गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी या भागांतल्या शाळांच्या कार्यालयांबाहेर पालकांची रांग लागते. कुणाची महापालिकेची शाळा सातवी-आठवीला संपलेली असते, कुणी मराठी किंवा उर्दू माध्यम सोडून इंग्रजीकडे वळलेलं असतं, कुणाची भाड्याची खोलीच बदललेली असते. टेबलावरून पुढे सरकणारा फॉर्म मात्र सगळ्यांना सारखा. मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण. बहुतेक घरांसाठी हे पाच मिनिटांचं काम. मुलगी दत्तक असेल तर आईचं पेन एखाद्या रकान्यावर क्षणभर अडतं, आणि शेजारी उभी असलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी नेमकं तेच पाहत असते.

अशा मुली थोड्या नाहीत. देशात कायदेशीर मार्गाने दत्तक जाणाऱ्या मुलांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असते, आणि महाराष्ट्र या आकड्यांत बराच पुढे राहिला आहे. 2018-19 या वर्षात राज्यात 845 मुलं दत्तक गेली, त्यांतल्या 477 मुली होत्या. त्या वर्षी तान्ह्या असलेल्या मुली आज प्राथमिक शाळेत आहेत. थोड्या मोठ्या वयात घरी आलेल्या मुली तर याच रांगेत उभ्या असतील. नवी शाळा त्यांच्यापुढे तीन गोष्टी एकदम आणून ठेवते : कागद, वर्ग आणि मैत्रिणी. कागदांचं काम मोठ्यांचं आहे. वर्गाचं काम शिक्षकांनी सांभाळायचं. मैत्रिणींना काय सांगायचं हे ठरवण्याचा हक्क फक्त त्या मुलीचा. घोटाळा होतो तो मोठी माणसं आपलं काम अर्धवट सोडून मुलीच्या कामात हात घालतात तेव्हा.

आधी कागद, कारण तिथली भीती बहुतेक वेळा विनाकारण असते. बाल न्याय कायदा 2015 नुसार दत्तक आदेश झाला की मूल सर्व अर्थांनी दत्तक पालकांचं कायदेशीर अपत्य होतं. 1 सप्टेंबर 2022 पासून हा आदेश देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आलं, त्याआधी ते न्यायालयांकडे होतं. आदेश कुणाचाही असो, वजन तेवढंच. त्याच्या आधारे निघणाऱ्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून दत्तक पालकांचीच नावं येतात. त्यामुळे शाळेच्या फॉर्मवर काही लपवावं लागत नाही आणि काही वेगळं जाहीरही करावं लागत नाही. दाखल्यावर आहे तेच लिहायचं. दत्तक आदेशाची झेरॉक्स प्रवेशाच्या फाईलला जोडायची गरज नसते. काही पालक प्रामाणिकपणाच्या भरात ती जोडतात, आणि मग ती फाईल शिपाई, कारकून, शिक्षक अशा पाच-सहा हातांतून फिरते. जन्मदाखला अजून हातात आलेला नसेल तरी घाबरायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम 5 प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही.

सात-आठ वर्षांची होऊन घरी आलेल्या मुलीच्या बाबतीत काम थोडं जास्त असतं. बालगृहात असताना ती ज्या शाळेत जात होती, तिथल्या रजिस्टरवर तिचं जुनं नाव असतं, आडनावाची जागा कधी कोरी, कधी भलतीच. हे सगळं दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याच्या कितीतरी आधी, ती शाळेत असतानाच, मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्त करून घ्यावं. शाळा सुटल्यावर रजिस्टरमधला बदल फार जड जातो. पण दुरुस्ती आडनावाची करावी. पहिलं नाव बदलायचं का, हे मुलीला विचारावं. सात वर्षं ज्या नावाने तिने ओ दिली, ते बहुधा तिच्या सोबत आलेलं एकमेव सामान असतं. पत्रिका किंवा घरातला एखादा आकडा जुळावा म्हणून ते बदलणाऱ्या पालकांचा हेतू वाईट नसतो, मुलीच्या वाट्याला मात्र तोटाच येतो.

गोवंडीत आणखी एक प्रकार सर्रास दिसतो. मुलगी रीतसर दत्तक नसते. आईवडील गेल्यावर मावशीने, काकाने किंवा आजीने वाढवलेली असते. इथे लोक झटपट उपाय करतात. जन्मदाखल्यावर आपलीच नावं लावून घेतात किंवा स्टॅम्पपेपरवर नोटरीचं ‘दत्तकपत्र’ करतात. पहिला प्रकार खोटा दस्तऐवज आहे, दुसरा ऐनवेळी उपयोगी पडत नाही. बाल न्याय कायद्याने काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांना ‘नातेवाईक’ म्हणून दत्तक घेण्याची सरळ वाट ठेवली आहे, तीही धर्म न पाहता. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावं. दत्तक घ्यायचं नसेल, नुसतं सांभाळायचं असेल, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलांना महिन्याला 2,250 रुपये मिळतात. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे करायचा.

धर्माचा मुद्दा या वस्तीत टाळता येत नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याच्या कक्षेत मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबं येत नव्हती. 1890 च्या कायद्याखाली ती फक्त पालक म्हणून नेमली जात. मूल सांभाळायला मिळे, कायद्याने आपलं होत नसे. शबनम हाश्मी यांनी आपल्या दत्तक मुलीच्या संदर्भात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 19 फेब्रुवारी 2014 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येतं. हा कायदा कुणावर सक्ती करत नाही. धार्मिक परंपरेप्रमाणे मुलीच्या नावापुढे जन्मदात्या वडिलांचंच नाव राहावं असं ज्यांना वाटतं, ती कुटुंबं पालकत्वाचा मार्ग आजही निवडतात. अशा घरातल्या मुलीचं आडनाव आणि घरच्यांचं आडनाव वेगळं असतं, आणि वर्गात पहिल्याच हजेरीला ते कुणाच्या तरी लक्षात येतं. तिची तयारी आधी करून घ्यावी.

आता खरा अवघड भाग. मुलीला सांगायचं कधी?

शाळा बदलण्याआधी, आणि खरं तर त्याच्याही कितीतरी आधी. ‘नवी शाळा आहे, इथे कुणाला काही माहीत नाही, आता विषयच नको’ असं म्हणणारे पालक गोवंडीचा नकाशा विसरतात. इथे एका भिंतीला दोन घरं लागून असतात. पोट न दिसता घरात बाळ आलं हे अख्ख्या गल्लीने पाहिलेलं असतं. त्याच गल्लीतली दोन मुलं नव्या शाळेत, कदाचित त्याच तुकडीत असतात. गुपित फक्त एकाच व्यक्तीपासून राहिलेलं असतं, आणि तिला ते एखाद्या भांडणात, ‘तू तर आणलेली आहेस’ किंवा ‘तू गोद ली हुई है’ अशा शब्दांत कळतं. त्या दिवशी तिला दुखतं ते दत्तक असणं नव्हे, घरच्यांनी सांगितलं नाही हे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी दत्तक मुलांना दत्तक म्हणजे काय हे किती कळतं, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. चार-पाच वर्षांचं मूल ‘मी दत्तक आहे’ असं आनंदाने सांगतं, पण त्याला त्याचा अर्थ ठाऊक नसतो. सहा-सातच्या पुढे जन्म देणं आणि वाढवणं यांतला फरक उमगतो. आठ ते अकराच्या सुमारास दुसरी बाजू ध्यानात येते : या घरी आले, म्हणजे त्याआधी कुणाची तरी होते आणि तिथून सुटले. लहानपणी हसतखेळत ऐकलेली गोष्ट तेव्हा मुलीला अचानक टोचायला लागते. आपल्याकडे शाळा बदलण्याचं वयही साधारण हेच. म्हणून पाचवी-सहावीत मुलगी गप्प झाली, तर ‘नव्या शाळेत करमत नाही’ एवढ्यावर थांबू नये. तसंच प्रत्येक चिडचिडीचं खापर दत्तक असण्यावर फोडू नये. ‘तू माझी आईच नाहीस’ हे वाक्य दत्तक नसलेल्या मुलीही दार आपटून म्हणतात.

सांगायचं ते खरं सांगावं, आणि माहीत आहे तेवढंच. ‘तुझे आईबाबा अपघातात गेले’ ही सोयीची बनावट गोष्ट पुढे उघडी पडते. संस्थेच्या कागदांत मूल अनाथ आहे, परित्यक्त आहे की समर्पित, याची नोंद असते. समर्पित म्हणजे जन्मदात्यांनी बाल कल्याण समितीपुढे येऊन, सही करून मूल सोपवलेलं. त्यानंतर कायद्याने त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. मुलगी या गटातली असेल, तर हा तपशील तिला समजेल अशा शब्दांत जरूर सांगावा. वर्गात कुणी ‘तुला टाकून दिलं होतं’ म्हणालं तर तिच्याजवळ खरी माहिती असते : एक बाई समितीच्या कार्यालयात गेली, विचार केला, सही केली. परित्यक्त असेल तर ‘कुठे सापडलीस हे माहीत आहे, का ठेवलं ते कुणालाच माहीत नाही’ इतकं पुरे. त्या रिकाम्या जागेत दया किंवा राग भरायचं काम पालकांनी करू नये.

उदाहरणं द्यायची तर जवळची द्यावीत. क्रिकेटपटू लिसा स्थळेकरचा जन्म 13 ऑगस्ट 1979 चा, पुण्याचा. ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ या संस्थेतून काही आठवड्यांची असताना तिला हरेन आणि सू स्थळेकर यांनी दत्तक घेतलं. त्यांची थोरली मुलगीही दत्तकच. कुटुंब आधी अमेरिकेत, मग केनियात आणि शेवटी सिडनीत स्थिरावलं. म्हणजे रूप आईसारखं नाही, देश दर वेळी नवा. ही मुलगी ऑस्ट्रेलियाकडून खेळली, एकदिवसीय सामन्यांत 1,000 धावा आणि 100 बळी करणारी पहिली महिला ठरली, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये मुंबईच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर विश्वचषक जिंकून निवृत्त झाली. मोठेपणी ती ‘श्रीवत्स’लाही जाऊन आली. या उदाहरणाचा उपयोग ‘बघ, दत्तक मुलीही किती मोठ्या होतात’ असं सांगण्यासाठी करू नये. त्यात आपणही काहीतरी मोठं करून दाखवायचं ओझं येतं. तिने स्वतःची गोष्ट मोकळेपणाने सांगितली, संस्थेत पुन्हा पाऊल ठेवलं, आणि तरी स्थळेकर ती स्थळेकरच राहिली, हे मुलीच्या कामाचं.

आडनावाबद्दल बोलायचं तर अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरची माला पापळकर आठवते. जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली ही दृष्टिहीन मुलगी शंकरबाबा पापळकर यांच्या आश्रमात वाढली. त्यांनी आश्रमातल्या मुलांना वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी माला राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या निकालावर पापळकर हेच आडनाव होतं.

शाळेत कुणाला सांगावं? एका माणसाला. वर्गशिक्षिका किंवा मुख्याध्यापिका, आणि तेही मुलीला सांगून, शक्यतो तिच्यासमोर. पालकसभेत नाही, व्हॉट्सॲपच्या पालक-गटात तर मुळीच नाही. शिक्षिकेकडे सहानुभूती मागायची नाही, एक ठोस काम मागायचं : ‘माझं कुटुंब’, कुटुंबवृक्ष, ‘माझा जन्माच्या वेळचा फोटो’ असे उपक्रम येणार असतील तर आठवडाभर आधी कळवा. जाणत्या शिक्षिका यापुढे जातात. झाडाऐवजी त्या ‘माझ्या घरात राहणारी आणि मला जपणारी माणसं’ असं घराचं चित्र काढायला देतात, आणि ते सगळ्या वर्गाला देतात. गोवंडीच्या वर्गात हे करायला दत्तक मुलीचं कारणही लागत नाही. कुणाचे वडील गावी असतात, कुणाची आई एकटी असते, कुणी आजीजवळ राहतं. मूळ पद्धतीच्या झाडात त्या वर्गातली निम्मी मुलं बसत नाहीत.

इतिहासाचा तास वेगळीच गंमत करतो. डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून 1848 मध्ये सातारा, पुढे झाशी आणि नागपूर खालसा केलं, हे शिकवलं जातं तेव्हा ‘दत्तक’ हा शब्द अख्ख्या वर्गात घुमतो आणि दोन-चार माना मागे वळतात. सयाजीराव गायकवाड असोत की राजर्षी शाहू, इतिहासातली दत्तक मुलं गादीसाठी घेतलेले मुलगे असतात, कारण जुन्या हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेण्याची सोयच नव्हती; ती 1956 मध्ये झाली. शिक्षकाने एवढं एक वाक्य जोडलं तरी धड्याचा रोख बदलतो. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती साजरी होते, तेव्हा यशवंताचाही उल्लेख व्हावा. काशीबाई नावाच्या विधवेचा हा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये मायलेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली. कुणाकडे बोट न दाखवता वर्गाला सांगता येण्याजोगी ही गोष्ट आहे. कर्णाची गोष्ट मात्र जपून वापरावी. ती सांगताना मोठ्यांचे डोळे भरून येतात, पण त्यातून मुलीच्या मनावर ठसतो तो नदीत सोडलेला पेटारा.

मग मैत्रिणी. इथे पालकांनी करायचं काम म्हणजे सराव. प्रश्न ठरलेले असतात, त्यामुळे उत्तरं घरी आधी बोलून पाहता येतात. ‘तुझे खरे आईबाबा कोण?’ याला ‘घरी आहेत तेच. मला त्यांनी दत्तक घेतलंय.’ ‘मग तुझी पहिली आई कुठंय?’ याला ‘ते मी घरच्यांशी बोलते, शाळेत नाही.’ ‘तू आईसारखी दिसत नाहीस’ याला नुसतं ‘हो, नाही दिसत.’ ही उत्तरं पालकांच्या तोंडची असून चालत नाहीत. मुलीने आपल्या भाषेत, म्हणजे गोवंडीत बऱ्याचदा अर्ध्या हिंदीत, स्वतः जुळवावीत. काहीच न सांगणं हेही उत्तर आहे आणि ते खोटं बोलणं नव्हे, हे तिला स्पष्ट सांगावं. अनेक मुली इथेच अडकतात. त्यांना वाटतं, जिवलग मैत्रीण हवी तर सगळं सांगायलाच हवं. मग दुसऱ्याच आठवड्यात डब्याच्या सुट्टीत सगळं सांगून टाकतात, महिन्याभरात ती मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाते आणि गोष्ट तिच्याबरोबर जाते. म्हणून घाई नको, एवढंच सुचवावं. पहिल्या सहामाहीत खेळ, गृहपाठ, वाटेवरची सोबत यांतून कोण कशी आहे ते दिसतं. दुसऱ्या टोकाला काही मुली ‘बाबा दुबईला असतात’ अशा गोष्टी रचतात. ते पकडलं गेलं तर रागावण्याआधी विचारावं, की खरं सांगितलं असतं तर काय होईल असं वाटलं?

चिडवणं एकदा होतं तेव्हा मुलगी सांभाळते. पुन्हापुन्हा झालं, किंवा एखाद्या शिक्षकाकडून झालं, तर तारीख आणि शब्द लिहून मुख्याध्यापकांना लेखी द्यावं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षाच नव्हे, मानसिक त्रास देण्यालाही मनाई करतं.

झोप उडणं, शाळेत जायला ठाम नकार, जेवण सुटणं, स्वतःला इजा करणं यांतलं काही दिसलं तर वाट पाहू नये. 14416 या ‘टेलीमानस’ क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी मोफत बोलता येतं, मुलांसाठीचा 1098 आहेच. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा तर गोवंडीच्या शेजारचीच. आणि ज्या संस्थेतून मूल आलं ती विसरू नये. दत्तक गेल्यावर पहिली दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी संस्थेने पाठपुरावा करायचा असतो. बरेच पालक या भेटीला परीक्षा समजून घर आवरून बसतात आणि ‘सगळं छान आहे’ म्हणून चहा पाजून पाठवणी करतात. मोठ्या वयात आलेल्या मुलीच्या घरी तर याच भेटीत शाळेचे प्रश्न काढावेत. समाजसेविकेने अशी बरीच घरं पाहिलेली असतात.

आठवी-नववीत आणखी एक प्रश्न येतो : मी कुणासारखी दिसते? पाळी आली, उंची वाढली, डॉक्टरांनी ‘घरात कुणाला मधुमेह आहे का’ विचारलं, की तो उफाळतो. डॉक्टरांना ‘माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. मुलीसमोर त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. शोध घ्यावासा वाटणं म्हणजे या आईबाबांवरचं प्रेम आटणं नव्हे, हे मुलीपेक्षा पालकांना जास्त वेळा सांगावं लागतं. दत्तक नियमावलीत याची रीतसर सोय आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी पालकांसोबत. केंद्रीय दत्तक प्राधिकरण ‘कारा’, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा मूळ संस्था यांनी तिला मदत करायची असते, मात्र तिचं वय आणि समज पाहून. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. ती मिळाली नाही तर निदान कारण आणि परिस्थिती मुलीला सांगितली जाते. परित्यक्त मुलीला ती संस्थेत कुठून, कशी आली याची माहिती मिळू शकते. तिऱ्हाइताला असा शोध घ्यायची परवानगी नाही. त्यामुळे एखादी मैत्रीण उत्साहाने इन्स्टाग्रामवर ‘हिच्या आईला शोधायला मदत करा’ म्हणून फोटो टाकायला निघाली, तर तिला लगेच थांबवावं. मुलीला मात्र नुसतं ‘नको’ म्हणून गप्प करू नये. अर्ज कुठे करायचा, कधी करता येईल आणि त्या दिवशी सोबत कोण येणार, हे त्याच संध्याकाळी तिच्याबरोबर बसून बोलावं.